वाजला न्हाई

गेल्या महिन्यात मंडईत मेथी घेताना एका मावशींचा फोटो काढला. विचारून काढला. सकाळचे साडेआठ, वरून कुठून तरी उन्हाची तिरीप नेमकी त्यांच्या जुड्यांवर पडलेली, ओल्या पोत्याचा आणि मेथीचा मिळून तो कडवट वास, आणि मधोमध मांडी घालून मावशी. "काढा की, त्यात काय," म्हणाल्या, पण लगेच पदर सारखा केला, सुट्ट्या पैशांची पिशवी पोत्याखाली सरकवली, हनुवटी वर घेतली आणि आधार कार्डाच्या फोटोला बसतात तसा श्वास रोखून धरला. मी दोनदा बोट टेकवलं, फोन खाली घेतला आणि खिशात टाकणार तेवढ्यात पाहिलं, तर मावशी अजून तशाच ताठ. "झाला मावशी." "कधी? वाजला न्हाई." मी फोटो दाखवला. पहिल्यात डोळे मिटलेले, दुसऱ्यात नजर भलतीकडे. मग मी त्यांच्या क्यूआरवर वीस रुपये टाकले आणि मागे खिळ्याला टांगलेला डबा खणखणीत आवाजात बोलला, वीस रुपये प्राप्त झाले. "हां. ह्यो बगा कसा वाजला," मावशी म्हणाल्या, आणि मेथी पिशवीत कोंबून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

त्यांच्या बाजूने विषय तिथेच संपला. मी मात्र घरी येऊन जुडी निवडत बसलो आणि ते दोन शब्द काही केल्या सुटेनात. कारण तसल्याच एका आवाजाचा गळा मी पूर्वी स्वतःच्या हाताने दाबलेला आहे. तीन रात्री जागून, मेहनत घेऊन.

२०१२ ते २०१४ मी कामानिमित्त तोक्योत होतो. राहायला निशि-कासाईत, म्हणजे जिथे संध्याकाळी स्टेशनबाहेर उभं राहिलं तर "अरे, तू कर्वेनगरचा ना?" असं विचारणारा कुणीतरी भेटतोच. तिथे घेतलेला फोन फोटो काढताना वाजायचा. सायलेंट केला तरी वाजायचा, आवाज शून्यावर आणला तरी वाजायचा, हेडफोन लावला तरी बाहेरच्या स्पीकरमधून वाजायचा. जपानी माणसं त्या आवाजाला 'काशा' म्हणतात. आपण 'खच्' म्हणू. पण काशा जास्त बरोबर आहे, त्यात शेवटी हवा सुटल्यासारखी होते. पहिल्या महिन्यात मी तोझाई लाइनने कामावर जाताना डब्यातल्या जाहिरातींवरून कांजी, म्हणजे तिथली चिनी वळणाची अक्षरं, शिकायचा प्रयत्न करत होतो. तोझाई लाइन सकाळी म्हणजे क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं आणि तरीही शाळेच्या परीक्षेसारखी शांतता. एका जाहिरातीतला शब्द घरी जाऊन शोधावा म्हणून मी फोन वर केला, बटण दाबलं, आणि त्या शांततेत काशा झालं. दहा-बारा डोकी वळली. जाहिरातीखाली उभ्या असलेल्या बाईंनी कोटाची कॉलर आवळली आणि अंगाचा कोन किंचित बदलला, तेवढीच जागा होती त्यांच्याकडे. मी घामाघूम होऊन जाहिरातीकडे बोट दाखवत "कांजी, कांजी" असं पुटपुटत राहिलो. आपल्याकडे आजारी माणूस पेज मागतो तसा.

ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मग जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितलं. चोरून फोटो काढण्याला तिथे एक शब्दच आहे, तोसात्सु: पहिलं अक्षर चोरीचं, दुसरं फोटो काढण्याचं. नोव्हेंबर २००० मध्ये शार्पचा जे-एसएच०४ हा कॅमेरावाला फोन तिथे बाजारात आला. त्याचा कॅमेरा एक लाख दहा हजार पिक्सेलचा, आजच्या हिशेबात तीळच. पण कॅमेरा खिशात आला आणि गाड्यांतल्या, सरकत्या जिन्यांवरच्या बायकांना त्याचा जाच सुरू झाला. आवाज बंद करू न देणं हे त्यावरचं उत्तर. तशी सक्ती कुठल्या कायद्यात नाही, दूरसंचार कंपन्यांनी आपापसात पाळलेला तो नियम आहे. कोरियात २००४ मध्ये त्याचं रीतसर मानक झालं, साठ ते अडुसष्ट डेसिबल. जपानमध्ये अशा फोटोंसाठी देशभर लागू असलेला फौजदारी कायदा यायला जुलै २०२३ उजाडला. तोवर प्रांतोप्रांतीचे आपापले नियम आणि हा काशा, एवढंच. मी ते ऐकलं, मान डोलावली. मला पटलं होतं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच्या फोनमधून काशा आला की मीही आता वळून बघत होतो.

आणि मग लेक झाली.

ज्यांच्या घरी तान्हं मूल झोपलेलं असतं त्यांना मी काय सांगणार! दीड तास मांडीवर थोपटून, पंख्याची गती तीनवरून दोनवर आणून, चपला काढून भिंतीला धरून चालत जो माणूस गादीपासून चार पावलं लांब येतो, त्याला नेमकं तेव्हाच वाटतं की या मुठीचा एक फोटो हवा. काशा. मूठ उघडते, ओठ थरथरतात, आणि पुढचा दीड तास पुन्हा पहिल्यापासून. मी स्पीकरच्या भोकावर बोट दाबून बघितलं, सेलोटेप लावली, शेवटी फोन टॉवेलात गुंडाळून फक्त भिंगापुरती फट ठेवायची युक्ती काढली. तिच्या पहिल्या सहा महिन्यांच्या बऱ्याच फोटोंच्या कडेला निळ्या टॉवेलाचे धागे दिसतात.

जून २०१४ मध्ये आम्ही पुण्याला परत आलो आणि नेमकं त्याच महिन्यात फोन रूट करण्याचं, म्हणजे त्याच्यावर पूर्ण ताबा मिळवण्याचं, टॉवेलरूट नावाचं एक साधन निघालं. जॉर्ज हॉट्झ या अमेरिकन पोराने केलेलं. अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्सच्या गाभ्यातल्या एका चुकीचा फायदा घेऊन ते एका बटणात फोनचं मूळ-वापरकर्तेपद तुमच्या हातात ठेवायचं. टॉवेलाने जे जमलं नव्हतं ते टॉवेलरूटने जमवायचं, हा विनोद मी बायकोला सांगितला. ती हसली नाही, तिला झोप हवी होती.

रूट झालं की सगळं आपलं, असं मला वाटत होतं. तसं नसतं. अँड्रॉइडमध्ये सिस्टिम नावाचा एक कप्पा असतो, फोन सुरू होताना तो 'फक्त वाचा' या अटीवर जोडला जातो, आरओ. (आमच्या घरात आरओ म्हणजे पाण्याचा फिल्टर. मी रात्री दोन वाजता "आरओ काढायचाय" म्हणालो तेव्हा बायकोने "उद्या माणूस बोलव" असं झोपेतच उत्तर दिलं.) तुम्ही रूट असा नाहीतर साक्षात फोन बनवणारे असा, तो कप्पा आधी 'वाचा आणि लिहा', आरडब्ल्यू, म्हणून पुन्हा जोडून घ्यावा लागतो, आणि मगच आतल्या फायलीला हात लागतो. याला रीमाउंट म्हणतात. पुस्तकी पद्धतीने ही एका ओळीची आज्ञा. मी ती दिली. उत्तर आलं: परवानगी नाही. पुन्हा दिली. परवानगी नाही. मुख्य दाराची किल्ली माझ्या हातात होती आणि माजघराच्या उंबऱ्यावर कुणीतरी आडवं झोपलेलं होतं.

शोधता शोधता कळलं की काही जपानी फोनांच्या गाभ्यात आणखी एक पहारेकरी बसवलेला असतो. रूट मागतोय का आणखी कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सिस्टिम पुन्हा जोडायची मागणी आली की तो नाही म्हणतो. नाव काय, तर मियाबी. मियाबी म्हणजे अभिजात, सोज्वळ सौंदर्य, हेइआन काळच्या दरबारी कवितेतला शब्द! सुरक्षेच्या चार फायलींना असं नाव देणारा इंजिनियर कोण असेल, याचा विचार करण्यात माझी एक अख्खी रात्र गेली. बाहेर पाऊस, खिडकीच्या पत्र्यावर टपटप, आत लॅपटॉपचा पंखा आणि पलंगावर लेकीचा श्वास. जपानी मंडळींनीच लिहिलेला एक छोटा प्रोग्राम होता. तो चालत्या गाभ्याच्या स्मृतीत शिरून या पहारेकऱ्याला गप्प करायचा. फोन बंद करून सुरू केला की पहारेकरी पुन्हा जागा. म्हणजे लिहायची मुभा मिळायची ती दोन रीस्टार्टच्या मधल्या वेळापुरती. तिसऱ्या रात्री ती मिळाली. आज्ञा दिली आणि काहीच उत्तर आलं नाही. कर्सर फक्त खालच्या ओळीवर गेला. या जगात काही उत्तर न येणं म्हणजे होकार.

मीडिया, त्याच्या आत ऑडिओ, त्याच्या आत यूआय. तिथे ती होती: कॅमेरा-क्लिक, शेपटीला ओजीजी. काही केबींची चिमुकली फाइल. पुसण्याआधी मी ती लॅपटॉपवर उतरवून हेडफोन लावून ऐकली. पंधरा-वीस वेळा ऐकली असेन. अगदी हळू केल्यावर त्यात दोन आवाज निघतात, आधी 'ख' आणि मग 'श'. आरसा वर उचलला जातो तो एक, पडदा सरकतो तो दुसरा. माझ्या फोनात ना आरसा ना पडदा. कुठल्याशा खऱ्या कॅमेऱ्याची ती नक्कल होती, आणि आत काहीही हललेलं नसताना ती वाजायची. लहानपणी आमच्या गल्लीतल्या स्टुडिओत फोटोवाले काका "हलू नका, हलू नका" म्हणत आणि मग तो आवाज आला की आम्ही भावंडं एकदम सैल पडायचो. त्यात किती सुटका होती, हे त्या रात्री हेडफोनमध्ये आठवलं. आठवलं आणि मी पुढे गेलो.

फाइल पुसली नाही, नाव बदललं. शेवटी डॉट बॅक जोडलं. फोन कायमचा बंद पडून त्याची वीट होऊ नये म्हणून एवढी भीती बरी. जाता जाता बाकीच्या फायलींच्या परवानग्या तपासल्या, सगळ्या सहा-चार-चार. पहिला आकडा मालकाचा, तो वाचू आणि लिहू शकतो. दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा, त्यांनी नुसतं वाचायचं. हे तीन आकडे मी वीस वर्षं टाइप करत आलो आहे. 'इतर' म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न कधी पडला नाही. फोन पुन्हा सुरू केला, पलंगाशी गेलो, गालाखाली घेतलेल्या हाताचा फोटो काढला. काहीही ऐकू आलं नाही. लेक झोपून राहिली. मला इतका आनंद झाला की मी ओळीने चाळीस फोटो काढले, त्यातले अडतीस अंधारे.

यानंतरची तीन-चार वर्षं तो फोन माझ्याजवळ होता, आणि मी कसा झालो होतो ते फोटो चाळताना दिसतं. माणसं माझ्याकडे बघत नाहीयेत. भावाच्या साखरपुड्यात बाजूला जाऊन डोळे पुसणारी काकू. दशक्रियेला ओंकारेश्वरावर पायरीवर बसलेला मामा. नैसर्गिक फोटो येतात, असं मी तेव्हा कौतुकाने सांगायचो, आणि येतातही. मग एका दुपारी अप्पा आरामखुर्चीत पेपर छातीवर घेऊन झोपले होते, तोंड उघडं, कवळी टेबलावर काढून ठेवलेली. मी दारातूनच फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आत्याने हसणाऱ्या तोंडांची रांग लावली, नाशिकच्या भावाने 'संपादक महोदय' असं लिहिलं. संध्याकाळी अप्पांनी चष्मा लावून तो पाहिला. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "केव्हा काढलास? मला कळलं नाही." मी म्हणालो, दुपारी. "बरं," म्हणाले. त्यानंतर घरात कुणीही हातात फोन धरून त्यांच्या बाजूला वळलं की ते तोंड मिटून बसायचे. निरोप वाचायला फोन उचलला तरी. मी तो फोटो ग्रुपवरून काढला, त्याने काय होणार होतं.

अप्पांनी ते पुढे कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याच सुमारास गावच्या जमिनीचा सातबारा काढायला आम्ही दोघे शिरूरला गेलो होतो. तलाठ्याकडे बसल्या बसल्या ते उताऱ्यावरच्या एका रकान्यावर बोट ठेवून जुनी गोष्ट सांगू लागले. भोगवटादारात आमचं नाव, त्या शेजारी 'इतर अधिकार'. त्यात बांधाच्या कडेने शेजाऱ्याला त्याच्या रानात जायचा रस्ता नोंदलेला. आजोबांना तो रस्ता कायम खुपायचा. जमीन माझी, घाम माझा आणि याची बैलगाडी माझ्या ज्वारीतून का जावी! एका मृगात त्यांनी तो सरळ नांगरून टाकला आणि पेरला. शेजारी भांडायला आला नाही, मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली तहसीलला अर्ज टाकून आला. १९०६ चा कायदा, कलम पाच. साहेब स्वतः पाहणीला आले, बाभळीखाली सतरंजीवर बसले, दोन्हीकडचं ऐकलं, आणि उगवून आलेल्या पिकातून रस्ता पुन्हा मोकळा करायला लावला. अप्पा तेव्हा दहा वर्षांचे. "बाबा रात्री जेवले नाहीत," ते म्हणाले. "पण रस्ता त्यांचा नव्हता, हे त्यांना नांगरतानाच माहीत होतं." हे ते सहज बोलले, की माझ्याकडे बघून, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आता माझ्याकडे जो फोन आहे त्यात हा नांगरच चालत नाही. सिस्टिमचा कप्पा इरॉफ्स नावाच्या रचनेत बांधलेला असतो, आणि त्या रचनेला लिहिणं म्हणजे काय हेच ठाऊक नाही. आरओचं आरडब्ल्यू करायचं तर करणार कशाचं? त्याच्या वर प्रत्येक चार केबीच्या तुकड्याचा ठसा घेऊन ठेवलेला, एक बिट हलला तरी कळावं म्हणून. मॅजिस्कसारखी आजची रूट करायची साधनं खऱ्या फायलीला न शिवता तिच्यावर दुसरी पांघरतात. लग्नात पोपडे आलेल्या भिंतीवर मखमलीचा पडदा लावतात तसं. तेवढ्यासाठीही आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करून देणारा कुलूपबंद प्रोग्राम, उघडावा लागतो, आणि तो उघडला की बँकेची ॲपं रुसतात, म्हणजे मावशींचे वीस रुपये अडले. गंमत अशी की कप्पा एवढा बंदिस्त झाला आणि तो आवाज मात्र मोकळा सोडला. सेटिंगमध्ये एक बटण आहे, हवा तर ठेवा, नको तर नको. मी ते कधी बंद केलं, मला आठवतही नाही. बंद करण्यात काही मजाच नसल्यामुळे असेल.

मेथी निवडून झाल्यावर मी ते बटण चालू केलं. आवाज आला, कुणी नखाने टेबलावर टकटक करावं एवढा. आणि फोन सायलेंटवर टाकला की तोही नाही. मग माळ्यावरच्या खोक्यातून तो जुना फोन काढला. बॅटरी किंचित फुगलेली, पण पाऊण तास चार्जर लावल्यावर पेटला. पहारेकरी जागा होता, त्याला गप्प करणारा प्रोग्राम अजून डाउनलोडमध्ये पडून होता. रूटचा हक्क वाटणाऱ्या सुपरएसयू ॲपने विचारलं, देऊ का परवानगी? दिली. माउंट, आरडब्ल्यू, यूआय. डॉट बॅक खोडलं. परवानग्या सहा-चार-चार. लेक शेजारी उभी राहून बघत होती, तिला आता बारावं लागलंय. "बाबा, तू हॅक करतोयस?" मी म्हटलं, नाही, परत ठेवतोय. फोन सुरू झाल्यावर तिच्याकडे धरून बटण दाबलं आणि काशा झालं. अकरा वर्षांनी, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, एवढ्या जोरात की ती दचकली आणि बायको स्वयंपाकघरातून काय पडलं म्हणून विचारायला आली.

रविवारी तो घेऊन मंडईत गेलो. मावशींना म्हटलं, त्या दिवशीचा नीट आला नव्हता, परत काढू? त्यांनी पुन्हा पदर सारखा केला, हनुवटी वर घेतली, श्वास धरला. काशा. मावशी भसकन श्वास सोडून हसल्या, फोटोत बरोबर तो मधला क्षण आला नाही, त्याच्या आधीचा आला, ताठ. पण आवाजाने पलीकडचा लिंबूवाला वळला, कोथिंबीरवाल्या दोघी वळल्या, "काय गं, पेपरात येनार व्हय?" असं कुणीतरी ओरडलं, आणि मावशींनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. कानांपर्यंत लाल झाल्या होत्या.

"हळू न्हाई का वाजत ह्यो?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तेवढंच नाही होत याला."